माझे हजार वॅट

हसू नका, पण ही लोखंडी पेटी तुमच्याशी बोलते आहे. मी रेडिओचा ॲम्प्लिफायर. रेडिओ कुजबुजतो, मी ती कुजबुज हजार वॅटच्या ताकदीने आकाशात फेकतो. निदान माझ्या कपाळावर तसं छापलंय, आणि त्या आकड्यानेच माझा घात केला.

माझे मालक दंतवैद्य. लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि बोलू द्यायचं नाही, हा त्यांचा धंदा. स्वतःचं बोलणं मात्र ते रविवार सकाळसाठी साठवून ठेवत. त्यांची थोरली बहीण दूरच्या बेटावर, हवामान केंद्रात एकटी राहायची. तिच्याशी ते माझ्यामार्फत तासभर गप्पा मारत. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. बोलताना माणूस श्वास घेतो, अडखळतो, विचार करतो. एखाद्या ठसक्यातल्या शब्दाला हजार वॅट लागतात, एरवी मी निवांत असतो.

मग ताईंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. त्या बेटावर परतल्या, पण महिनाभर बोलायची बंदी. तेव्हा भावंडांनी रेडिओवरून टाइप करून निरोप पाठवायचं ठरवलं. त्यात अक्षरांचे सूर होऊन जातात, श्वास नाही की विसावा नाही. निरोप सुरू झाला की संपेपर्यंत एकच अखंड सूर, आणि सगळा भार माझ्या मानेवर. अशा कामाला मला चारशे वॅटच्या वर नेऊ नका, असं माझ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत ठळक लिहिलंय. पण मालकांना सूचना द्यायची सवय, वाचायची नाही. त्यांनी बटण हजारावर नेलं, वर रेडिओचा सूरही फाटेपर्यंत पिळून चढवला.

बरं, निरोप तरी आटोपशीर? नुसत्या गुळण्यांवर दोन पानं! पंखा केकाटू लागला, माझ्या अंगाची लाही लाही झाली. पलीकडून मात्र एकच उत्तर यायचं, काही कळत नाही. दोन रविवार असेच गेले. ताई कशी आहे या काळजीने मालकांचा जीव टांगणीला लागला, आणि तो सगळा जोर माझ्यावर निघाला.

तिसऱ्या रविवारी जळका वास आला, तशी मालकीणबाई शिवणकाम टाकून धावत आल्या. झाकणाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“अहो, मी मशीनवर तासभर पाय दाबून धरला तर मोटर टिकेल का? आणि टाके तरी धड पडतील का?”

मालकांनी माझ्या कपाळावरचा आकडा दाखवला.

“आपल्या गाडीच्या काट्यापुढेही दोनशे लिहिलंय. तुम्ही साठच्या वर कधी गेलात?”

बाईंनी कपाटातून पुस्तिका शोधून मोठ्याने वाचली, सूर उतरवला, मला चारशेवर आणलं आणि मालकांना चार ओळींतच आटपायला लावलं. पलीकडून अक्षरं उमटली: “आत्ता कळलं. आधी नुसती गिचमीड यायची. मी बरी आहे. गुळण्या पुरे.”

माझा एक भाग बदलावा लागला, कोपऱ्यातला रंगही करपलाय. पण मी आहे. एवढंच सांगतो, नुसता आकडा बघून कुणाला राबवू नका. मधे श्वास घ्यायला मिळतो का, तेही बघा.

गेल्या रविवारी ताईंची बंदी उठली. घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, “ऐकतोयस ना रे?”

मालकांनी माईकचं बटण दाबलं. मी हजार वॅट घेऊन सज्ज. पण ताकद दाखवणारा माझा काटा शून्यावरच. मग त्यांनी नाक ओढलं, काटा जरासा हलला. तेवढंच मी जिवापाड जपून बेटावर पोचवलं.

“रडतोस काय, वेड्या,” ताई म्हणाल्या.