शुद्ध अडाण्यांची गॅलरी

बेलग्रेडच्या कला अकादमीनं सामोला दोनदा नापास केलं. पहिल्यांदा म्हणाले, शरीररचना कच्ची आहे. दुसऱ्यांदा काहीच म्हणाले नाहीत, नुसतं दार दाखवलं. सामो गावी परत आला, दिवसा ट्रॅक्टर दुरुस्त करायला लागला, उरलेल्या वेळात चित्रं.

गाव तसं चित्रांसाठीच प्रसिद्ध. सर्बियाच्या बानात भागातल्या या स्लोव्हाक लोकांच्या गावात कुणी कधी चित्रकला शिकलं नाही, आणि तेच गावाचं भांडवल. भोपळे, हंस, फुगीर घागऱ्यातल्या बायका. गॅलरीत फक्त न शिकलेल्यांची चित्रं लागतात. तिथं लागलं की माणूस चित्रकार. नाहीतर आहेच ट्रॅक्टर.

सामोला वाटलं, झालं आपलं काम. आपल्याइतकं नापास कोण आहे?

एक चित्र घेऊन तो गॅलरीत गेला. तिथल्या निवड समितीचे अध्यक्ष ओंद्रोकाका. चित्राला नाक लावून म्हणाले, "या गाईला सावली आहे."

"हो काका. दुपार आहे ना."

"सावली कुठं शिकलास?"

"शिकलो नाही. पडली होती, काढली."

"अकादमीच्या परीक्षेला बसला होतास म्हणे?"

"नापास झालो!" सामो अभिमानानं म्हणाला.

"पण अभ्यास केला असशील ना? बाटलास रे पोरा." काकांनी उसासा सोडला. "असो. अजून एक चित्र आण. शेवटचं."

घरी आई, एर्झिका, भडकली. "अरे, जरा वाकडंतिकडं काढ की! तुझ्या आजोबांनी गाईला पाच पाय काढले, तर जर्मन माणूस येऊन घेऊन गेला."

सामोनं पाच पायांची गाय काढली. मेला पाचवा पायही अगदी सांध्यासकट बरोबर आला. शेवटी वैतागून त्यानं अंगणात हंसाची पिसं उपटत बसलेली आई काढली, दिसली तशी.

चित्र घेऊन तो गॅलरीत गेला, मागोमाग आईही. समिती बघतच राहिली.

"हात बघा हात!" ओंद्रोकाका ओरडले. "डोक्याएवढा! बोटं म्हणजे गाजरं! हे शिकवून येत नाही. शुद्ध अडाणीपणा! रविवारच्या प्रदर्शनात दारासमोरची भिंत तुझी."

सामोला तीच भिंत हवी होती. हो म्हणून गप्प बसायचं, बस.

"काका, हात चुकलेला नाहीये."

"गप रे गाढवा," मागून आईनं चिमटा काढला.

"तो सुजलाय. आईचा आहे. तसाच दिसतो."

एर्झिकानं घाईघाईनं हात ॲप्रनखाली लपवले, पण काकांनी पाहिलेच. एकदा हात, एकदा चित्र. चेहरा उतरला.

"म्हणजे... बरोबर काढलायस?"

"हो."

"अरेरे!" काका म्हणाले, आणि चित्र परत दिलं.

घराच्या वाटेवर आई तरातरा पुढं चालली. फाटकाशी फुटली. "'चुकला' म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं?"

"चुकला नव्हता."

तिनं हात समोर धरले. "इतके वाईट दिसतात?"

"इतकेच मोठे दिसतात. वाईट कुठं म्हटलं मी?"

ती आत गेली, हातोडी घेऊन आली. "रविवारी पाहुणे गॅलरीकडे इथूनच जातात. ठोक खिळा. बाहेरच्या भिंतीवर."

त्यानं चित्र टांगलं. ती रस्त्यावर उभी राहून लांबून बघत होती.

"उजवीकडे कललंय. सरळ कर," ती म्हणाली. "लोकांना वाटेल, अडाण्यानं काढलंय."