दुकानाचं उघडं दार

चपला झिजायला माणूस घराबाहेर तर पडला पाहिजे! धुरकट हवेचा हा दुसरा हिवाळा. लोक दारं लावून घरात बसले आणि नवराबायकोच्या चपलांच्या दुकानात माश्या मारायची वेळ आली. शेजारच्या शिंप्याची तीच गत. समोरच्या हॉटेलवाल्याने बाहेरच्या खुर्च्या उलट्या करून ठेवल्या, त्या तशाच राहिल्या.

मग नवऱ्याने निम्म्या चपला माळ्यावर टाकल्या आणि हवा शुद्ध करायची यंत्रं विकायला आणली. धंद्यात त्याचं डोकं चालायचं, हे बायकोही मान्य करी. यंत्रावर दिवा होता, हवा वाईट असली की लाल, सुधारली की हिरवा. दार लावलं की तो हिरवा व्हायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "इथे तर ठीक आहे की!" आणि चालू पडायचं. म्हणून नवऱ्याने दार सताड उघडं ठेवलं. दिवा दिवसभर लाल राहिला, यंत्रं खपू लागली.

गल्ल्यावर बायको बसायची. सगळीकडे यंत्रंच यंत्रं, आणि तिचा खोकला काही केल्या हटेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"अहो, थोडा वेळ तरी दार लावा ना."

"एवढा हिवाळा जाऊ दे गं."

शेवटी डॉक्टरांनी तिला दटावलं. घरात, बंद खोलीत राहा, नाहीतर छाती कायमची जाईल. "उद्यापासून घरीच थांब," नवरा लगेच म्हणाला. तिला भरून आलं.

त्याच संध्याकाळी एक बाई लेकीला घेऊन आली. ती दिव्याकडे बघते न बघते तोच बायकोला खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून पाणी काढणारी. बाईने लेकीला जवळ ओढलं. "भाऊ, दोन द्या." किंमतसुद्धा विचारली नाही.

नवरा बायकोकडे बघतच राहिला. नवा माल आला की तो असाच बघायचा.

"अगं," कुलूप लावताना तो म्हणाला, "एवढा आठवडा येशील? मग खुशाल आराम कर."

घर त्या दुकानावरच चालत होतं. नाही कसं म्हणायचं?

सकाळी तिची खुर्ची गल्ल्यामागे नव्हती. त्याने ती पुसून, उशी घालून दारापाशी मांडली होती.

"आणि गल्ला कोण बघणार?"

"तो मी बघतो," तो मायेने म्हणाला. "तू नुसती बस."