दोरीला चार बोटं ढील

हुडकेश्वरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात रोज एक लढाई होत असे, आणि तीही कपडे वाळत घालायच्या दोरीवरून. सकाळी चंद्रभान मुकादम अंगणात येत. दोन खांबांमधली अंबाडीची दोरी झोळ खाऊन लोंबत असलेली पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. मग ती कचकचून ताणायची, पक्की गाठ मारायची आणि नंतरच चहाला बसायचं. संध्याकाळी मनकर्णाबाई तुळशीला दिवा लावून परतताना तीच गाठ सोडत आणि दोरी सैल करून पुन्हा बांधत. सहा वर्षं दोघांपैकी कोणीच माघार घेतली नव्हती.

"काहून वं, तुले घट्ट दोरीचं काय वावडं आहे?" मुकादम विचारत.

"हात जाते आपोआप," एवढंच म्हणून बाई आत जात.

मुकादमांनी सव्वीस वर्षं बांधकाम खात्यात रस्त्याच्या कामावर काढली होती. नागपूरहून हिंगणघाट आणि पुढे पांढरकवड्यापर्यंतच्या सडकेवर कुठे खड्डा पडायचा, कुठली मोरी पावसात तुंबायची, सारं त्यांना तोंडपाठ. काम सरकेल तसा तंबूही सरके, आणि त्या तंबूतच मनकर्णाबाईंचा सगळा संसार झाला. मुकादमांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. सव्वीस वर्षांत त्यांचा तंबू एकदाही पडला नव्हता. वादळात साहेब लोकांचे तंबू झोपले, यांचा उभा. "तंबू ठोकावा तर चंद्रभाननं," असं एक इंजिनियरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते. ते वाक्य मुकादम ऐकणाऱ्याला सांगत आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर बांधलं. गृहप्रवेशाच्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी बायकोला वचन दिलं, की आता जन्मात पुन्हा कापडाखाली झोपणं नाही, ना तुझं ना माझं. मनकर्णाबाई "बरं" म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या. त्या फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्याच.

आणि आता शहात्तर सालच्या दिवाळीनंतर हेच वचन मुकादमांच्या गळ्यात अडकलं होतं.

त्याला कारण मागच्या गल्लीतला ओमप्रकाश. त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. जंगल खात्याच्या लिलावातली एक जुनी जीप त्याने वर्षभर खपून ठणठणीत केली होती आणि तिने कन्याकुमारी गाठायची असा ध्यास घेतला होता. शाळेत शिकवणारी त्याची बायको लतिका नाताळच्या सुट्टीला जोडून रजा काढणार होती. लॉजमध्ये उतरायचं नाही, वाटेत तंबू ठोकून राहायचं, अशी त्याची कल्पना. तंबू म्हटल्यावर तो मुकादमांकडे आला नसता तरच नवल. नकाशा खाटेवर पसरून त्याने लाल पेन्सिलीची रेघ दाखवली. हिंगणघाट, आदिलाबाद, हैदराबाद, बंगलोर, मदुराई.

"ही तुमचीच सडक आहे काका. सात नंबर. सीधी समुद्रापर्यंत जाते. तुमी चला ना आमच्यासंगं."

मुकादम त्या रेघेकडे बघत राहिले. पांढरकवड्यानंतर ही सडक कुठे जाते हे त्यांना ठाऊक होतं, पण ती त्यांनी पाहिली कधीच नव्हती. ज्या सडकेवर अर्धं आयुष्य गिट्टी टाकली, तिचं दुसरं टोक एकदा डोळ्यांनी पाहावं, ही इच्छा त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. त्या दिवशी ती अशी काही उसळली की ते तिथल्या तिथे हो म्हणून बसले.

हो म्हटलं खरं, पण घरात सांगायचं कसं? सव्वीस वर्षं जिला रानोमाळ हिंडवलं, तिला एकटीला घरी ठेवून आपण पुन्हा तंबूत झोपायला जायचं, हे तोंडातून निघेना. दोन आठवडे त्यांनी विषयच काढला नाही. माळ्यावरचा जुना तंबू उतरवताना त्यांनी "झुरळं झाली वाटते" असंही सांगून पाहिलं. बाईंनी तंबूकडे पाहिलं, त्याची एक फाटकी शिवण हाताने चाचपली आणि दुपारी सुई-दोरा घेऊन ती शिवून टाकली. विचारलं मात्र काही नाही.

आधी एक रात्र करून पाहू, असं ओमप्रकाशचं म्हणणं पडलं. ओमप्रकाशला तंबू ठोकायला शिकवायचं आहे, एवढंच मुकादमांनी घरी सांगितलं. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दोघं जीपने पारशिवनीच्या पुढे नदीकाठी गेले. मुकादमांनी जागा निवडली, खुंटे ठोकले, अंबाडीच्या दोऱ्या टणक ताणल्या. वरून एक टिचकी मारून म्हणाले, "पाह्य गा, हत्ती टेकला तरी हालणार नाई." मनकर्णाबाईंनी दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि झुणका खाऊन दोघं झोपले.

पहाटे दव असं पडलं होतं की गवतातून पाणी निथळत होतं. सूर्य वर यायच्या आत एक खुंटा टुपकन वर आला. मग दुसरा. मग सगळा तंबू, ओल्या कापडाच्या वजनासकट, शांतपणे दोघांच्या अंगावर बसला. ओमप्रकाश हसत बाहेर आला. मुकादम बाहेर आले ते मान खाली घालून.

त्या दिवशी रविवार होता. दुपारी ओमप्रकाश आणि लतिका दोघंही हुडकेश्वरला आले, नकाशा घेऊन नव्हे, रिकाम्या हातांनी. लतिका अंगणातल्या खाटेच्या कडेला बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काका, राग नका मानू. एक रात्र तंबू टिकला नाही, तर बारा मुक्काम कसे करायचे? आपण हे राहू देऊ. आम्ही रेल्वेने जाऊन येतो."

बारा मुक्काम हे शब्द आतपर्यंत गेले. मुकादमांनी घराच्या दाराकडे पाहिलं. मनकर्णाबाई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. सडकही गेली, आणि बायकोपासून चोरून ठेवलेलं उघडं पडलं ते वेगळंच.

बाईंनी चहा दिला. मग नवऱ्याला साधं विचारलं, "सांजच्या वेळी दोऱ्या ढिल्या केल्या व्हत्या?"

"ढिल्या? काहून?"

"अंबाडी दवानं आखडते ना. घट्ट ठेवली तर खुंटा उपटून घेते. दिवस बुडता बुडता चार बोटं ढील द्यावी लागते, अन सकायी ऊन पडलं का पुन्हा ताणावं लागते."

मुकादमांनी कप खाली ठेवला. "तुले कोणं सांगतलं?"

"कोण सांगते? पहिल्याच थंडीत दोन खुंटे निंगाले व्हते. तुमी कामावर गेलते. मी ठोकले पुन्हा. मंग मी रोज ढील देत जाव."

"सव्वीस वर्षं?"

"हव. दिवा लावला का करत जाव."

मुकादमांची नजर खांबांमधल्या दोरीवर गेली. सकाळी पारशिवनीहून परतल्यावर, अंगात राग असताना, त्यांनी ती आणखीच जोरात ताणली होती. सहा वर्षं ज्या दोरीवरून त्यांनी बायकोला बोल लावला, तिच्यात त्यांचा सगळा नावलौकिक बांधलेला होता. वादळातले तंबू त्यांना आठवले, इंजिनियरसाहेबांची शाबासकी आठवली, आणि त्या शाबासकीच्या वेळी मागे चुलीपाशी खाली वाकून फुंकर घालणारी बायको आठवली. त्यांना फार लाज वाटली, आणि तिच्याबद्दल तितकंच कौतुकही वाटलं.

"तवा बोलली काहून नाई वं?"

"साहेब तुमाले शाबासकी देत. तुमी खूश दिसा. मधात काय बोलू?"

मुकादम उठले. एवढ्या वर्षांत जी गोष्ट त्यांनी गावभर सांगितली, ती त्यांनी तिथे, दोन तरुण माणसांसमोर, स्वतःच्या हाताने मोडली. "ओमप्रकाश, माझा तंबू कधी पडला नाई हे खोटं आहे गा. तो हिचा व्हता. मी फकस्त खुंटे ठोकत जाव. तुले संगं न्यायचं असन त हिले ने. मी नाई आलो तरी चालते."

आणि हे बोलताना त्यांना सडकेचं ते न पाहिलेलं टोक दिसत होतं, तरी ते बोलले.

मनकर्णाबाईंनी पदराला हात पुसले. "नकाशा कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

ओमप्रकाश धावत जीपमधून नकाशा घेऊन आला. बाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून लतिका एकेक मुक्काम वाचून सांगू लागली. आणि त्या खाटेवर सगळी सहल नव्याने आखली गेली. निर्मलच्या आधीचा मुक्काम नाल्याच्या पात्रात होता, तो बाईंनी वर टेकाडावर नेला. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरात थांबायचं नाही, भेगाळलेल्या काळ्या मातीत खुंटा धरत नाही. मैल मोजून मुक्काम ठरवायचाच नाही, पाणी पाहून ठरवायचा, आणि दिवस कासराभर वर असतानाच थांबायचं. मग त्यांनी लतिकाकडे वळून विचारलं, "अन बायकाईनं सकायी जायचं कुठं, हे यायनं मांडलं का कुठं?"

लतिका एकदम मोकळं हसली. तिची खरी काळजी तीच होती, आणि दोन आठवडे ती नवऱ्याजवळही बोलली नव्हती. "नाही मांडलं, काकू."

"मंग जवळ झाडोरा असन तिथीच थांबू," बाई म्हणाल्या. "जागा मी पाहीन. हे खुंटे ठोकतीन."

"म्हणजे मी पण?" मुकादमांनी विचारलं.

"मंग ठोकन कोण? माह्यानं घन उचलत नाई आता."

"अन कापडाखाली झोपणार नाई म्हणून तुले वचन देल्लं, त्याचं?"

"ते तुमी देल्लं. मी त बरं म्हटलं फकस्त." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "घर चांगलं आहे. पण सकायी दार उघडलं का समोर भिंतच दिसते हो."

पाहुणे गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाई दिवा लावायला तुळशीकडे गेल्या. त्यांचा हात दोरीकडे जायच्या आत मुकादम खांबापाशी पोचले होते. सकाळी स्वतःच घट्ट मारलेली गाठ त्यांनी नखाने कोरत कोरत सोडवली, दोरी सैल सोडली आणि किती सोडावी ते न कळून तिथेच थांबले.

"चार बोटं," तुळशीपासून आवाज आला.

मुकादमांनी आपली चार बोटं दोरीला लावली, नीट मोजलं आणि गाठ मारली.