एका किल्लीवर दोघी

मी बोगदा बोलतोय. घाटातला नव्हे हो, इंटरनेटवरचा! इकडची माहिती कुलूपबंद करून तिकडे पोचवायची, वाटेत कुणाला डोकावू द्यायचं नाही, हे माझं काम. तुम्ही मला व्हीपीएन म्हणता.

मला कुणा एका कंपनीने बनवलं नाही. देशोदेशीच्या माणसांनी हौसेने घडवलं आणि सगळ्यांसमोर उघडं ठेवलं: वाचा, चुका काढा, खुशाल घेऊन जा. माझ्या आधीचे बोगदे अवाढव्य, सुरू व्हायलाच किती वेळ लावायचे! मी आटोपशीर नि चपळ. बघता बघता जगभर पसरलो.

घाटकोपरला इरावतीताईंची रक्त तपासायची लॅब आहे. त्यांच्या भावाने, शौनकने, मला तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं. मुलुंडच्या घरून ताई माझ्यातून रिपोर्ट बघायच्या, सही करून पाठवायच्या. दोन वर्षांत एकदाही अडलो नाही. "झकास आहे रे हा!" असं त्या शौनकला म्हणायच्या आणि मी फुलून जायचो.

शौनकने तेव्हाच बजावलं होतं, "ताई, माणशी एक किल्ली. तुझी दुसऱ्या कुणाला देऊ नकोस." ही किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ. तिच्यावरूनच मी माणूस ओळखतो.

मग लॅबमधल्या वनमालाचा पाय मुरगळला. मानखुर्दला घरी बसूनच काम करते म्हणाली. ताईंनी आपलीच किल्ली तिला व्हॉट्सॲपवर पाठवली.

"मॅडम, शौनकदादा नको म्हणाले होते ना?"

"अगं, आमच्या घराची किल्ली वर्षानुवर्षं शेजारच्या लताकाकूंकडे असते. काय बिघडलं? तू काय परकी आहेस?"

मायेने दिली, मान्य. पण मला चेहरे कुठे दिसतात? सोमवारी सकाळी दोघी एकाच किल्लीने एकदम आल्या. एकीशी बोलायला जावं तर दुसरी हाक मारायची, मी तिकडे वळायचो. पुन्हा इकडे. या ओढाताणीत हॉस्पिटलात दाखल असलेल्या दशरथकाकांचा रिपोर्ट अडकला. त्यांचं ऑपरेशन त्यावरच थांबलं होतं, ते दुसऱ्या दिवसावर गेलं. सकाळपासून उपाशी ठेवलेले काका तसेच वॉर्डात परतले.

"वाट लावली ना मेल्याने! फुकटचं ते फुकटचंच," ताई कडाडल्या. किल्लीचा विषय वनमालाने काढलाच नाही. तिला सगळं माहीत होतं हो! शौनकला साधा फोनसुद्धा न करता ताईंनी मला त्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकलं. दोन वर्षांच्या इमानाचं हे फळ. फार लागलं मला.

आता ताईंकडे एका कंपनीचं निळं, गुळगुळीत ॲप आहे. ते प्रत्येकाला आपणहून वेगळी किल्ली देतं. "बघ वनमाला, नावाजलेलं घेतलं की कसं चालतं!" ताई कौतुकाने म्हणतात.

ताई, त्या निळ्या रंगाखाली मीच आहे. कंपनीने मला घेतलं आणि वर आपलं नाव चिकटवलं, बस. त्यांच्यावर माझा राग नाही, न्यायची मुभा सगळ्यांनाच होती. पण तुम्ही तर मला ओळखत होतात ना? तुमचे रिपोर्ट आजही मीच पोचवतोय. कधीतरी सेटिंग उघडा, अगदी तळाशी बारीक अक्षरांत माझं नाव आहे. ते वाचा, आणि दशरथकाका भेटले तर एवढंच सांगा, की त्या दिवशी चूक माझी नव्हती.