गाळातली लांडगीण

नेवाशाहून नगरकडे येताना डोंगराच्या कडेनं आत वळलं की बोरदरा लागतं. गावाच्या वरच्या अंगाला काकासाहेबांची खाण आणि क्रशर. साळूबाईच्या शेळ्यांनी तिकडं चरायला जाणं कधीच सोडलं होतं. गवतावर दगडाची भुकटी अशी बसलेली असायची की पातं मोडलं तर हाताला पीठ लागल्यासारखं व्हायचं. शेळ्या तोंड लावायच्या, शिंकायच्या आणि मान फिरवून दुसरीकडं चालू लागायच्या.

क्रशर आलं तेव्हा गाव खूश होतं, आणि खोटं कशाला बोला, साळूबाईही खूश होती. तिचा करण शाळा सोडून ऊसतोडीला जायच्या बेतात होता, त्याला खाणीत काम लागलं. आधी डंपरवर, मग पोकलेनवर. काकासाहेब गावचेच, अडल्यानडल्याला धावून येणारे. बन्सीचा, म्हणजे साळूबाईच्या नवऱ्याचा, मणका दुखावला तेव्हा नगरच्या दवाखान्यात त्यांनीच स्वतःच्या गाडीतून नेलं होतं. त्यामुळे वाळलेल्या धुण्यावर पांढरा थर दिसला तरी ती ते झटकून घडी घालायची आणि गप्प बसायची.

नंतर दगडापासून वाळू करायचं मशीन बसलं. ती वाळू धुतली की राखाडी पाणी निघायचं, ते पायथ्याच्या जुन्या खड्ड्यात सोडून द्यायचे. खड्डा भरला तसं पाणी ओढ्यात उतरलं आणि ओढ्यातला झिरा गाळानं बुजून गेला. त्या झिऱ्यावर ससे यायचे, खोकड यायचं, उन्हाळ्यात हरणंसुद्धा. आणि त्यांच्या मागावर लांडगे.

लांडग्याची जोडी त्या माळावर साळूबाई लग्न होऊन आली तेव्हापासूनची. म्हणजे तीच जोडी नसणार, पण एक जोडी कायम असायचीच. तिचा आणि त्यांचा काही प्रेमाचा संबंध नव्हता. दोन वर्षांमागं तिची दुभती शेळी त्यांनी भर दुपारी उचलली होती आणि तिनं दगड घेऊन पार टेकाडापर्यंत पाठलाग केला होता. पण यंदा ती जोडी दिसली तेव्हा तिला ओळखूच आली नाही. बरगड्या वर आलेल्या, केस विटलेले. मादी तर कोंबड्यांच्या शेडमागं टाकलेली मेलेली पाखरं खाताना दिसली होती. लांडग्यानं असं उकिरड्यावर यावं याचं साळूबाईला वाईटच वाटलं होतं.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळचं ऊन वर आलं तेव्हा एक करडू चुकलं म्हणून ती शेळ्या बाभळीखाली सोडून खाणीच्या मागं गेली. करडू बांधावर उभं होतं, कान टवकारून खाली खड्ड्याकडं बघत. गाळ वरून वाळल्यासारखा दिसत होता, भेगा पडलेला, मधे जरासं नितळ पाणी. त्या पाण्याच्या अलीकडं कुत्र्याचं असावं असं एक डोकं आणि पाठीचा कणा तेवढा वर होता. ती जवळ गेली आणि थांबली. लांडगीण होती. पाण्यापर्यंत जायला निघाली असणार आणि वरची खपली फुटून आत गेली. छातीपर्यंत रुतली होती.

पलीकडच्या कडेला नर उभा होता. साळूबाईला बघून तो थोडा मागं सरला, पण गेला नाही.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते बरं नव्हतं. आपली शेळी आठवली आणि वाटलं, भोग आता. ती करडू काखेत मारून वळलीसुद्धा. पण चार पावलांवर तिनं पुन्हा मागं पाहिलं. लांडगिणीनं दात दाखवले नव्हते, गुरगुरली नव्हती. डोळ्यांवर गाळ वाळून पापण्या चिकटल्या होत्या आणि ती आवाजाच्या रोखानं नुसतं नाक वळवत होती. साळूबाईनं करडू खाली ठेवलं आणि करणला फोन लावला.

करण वरच खाणीत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की यात पडू नको. फॉरेस्टवाले आले तर खड्डा बघतील, खड्डा बघितला तर वाळूचं मशीन बंद होईल, आणि मग आपलंच काम जाईल. जनावर आहे, संध्याकाळपर्यंत आपोआप मरेल. त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच साळूबाईला त्याचा जास्त राग आला.

"मंग मीच उतरते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बांधाला एक सेंट्रिंगची फळी पडलेली होती. ती तिनं गाळावर आडवी टाकली, पदर खोचला आणि फळीवर गुडघे टेकून पुढं सरकली. फळीचं टोक बुडायला लागलं तशी ती तोल सावरायला एका अंगाला झुकली आणि उजवा पाय गाळात गेला. आधी पोटरीपर्यंत, मग गुडघ्याच्या वर. पाय ओढावा तर खालून कोणीतरी धरल्यासारखा. लांडगीण आता हातभर अंतरावर होती. तिचा श्वास साळूबाईला ऐकू येत होता, गळक्या भात्यासारखा. दोघी तशाच राहिल्या.

तेवढ्यात वरून पोकलेनचा आवाज आला. करणनं खाणीच्या कडेवरून आईला बघितलं होतं. हातातलं काम टाकून त्यानं मशीन उतारानं खाली आणलं, तेही इतक्या घाईनं की पट्ट्याखालचे दगड गडगडत पुढं येत होते. त्यानं बांधावर मशीन उभं केलं, लांब हात आईच्या शेजारी अलगद टेकवला आणि ओरडून सांगितलं की बकेटचा दात धर. तिनं धरला. बकेट हळूहळू मागं आली आणि तिच्याबरोबर साळूबाई फळीवर परत आली, एका पायातली चप्पल गाळात सोडून.

करणला वाटलं झालं. साळूबाई बांधावर आली, थंडीसाठी डोक्यावर घेतलेलं पोतं ओढून काढलं आणि म्हणाली, "आता तिला काढ."

त्यानं वर खाणीकडं एकदा पाहिलं आणि खटका ओढला. बकेट लांडगिणीच्या मागून गाळात घातली, दगड उचलतात तशी नाही, पाळण्यातलं मूल उचलावं तशी. जनावर गाळासकट वर आलं. भीतीनं ते एकदाच वळवळलं, मग अंग सोडून दिलं. बकेट खाली टेकताच साळूबाईनं त्याच्या डोक्यावर पोतं टाकलं.

तिच्या कॅनमध्ये प्यायचं पाणी होतं, ते तिनं पोत्याखालून डोळ्यांवर आणि तोंडावर ओतलं. अंगावरचा गाळ निथळत गेला तसं खालचं पोट दिसलं. आचळं दुधानं तटतटली होती.

"पोरं हायती हिला," साळूबाई म्हणाली. करणनं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मग खिशातून मोबाईल काढून तो बाजूला गेला.

काकासाहेब जीप घेऊन आले तेव्हा त्यांना वाटलं पोकलेनच बिघडलं. खाली उतरून त्यांनी सगळं बघितलं. ओरडणारा माणूस नव्हताच तो. साळूबाईला वहिनी म्हणायचे, तसंच समजुतीच्या आवाजात म्हणाले की जनावर सुटलं, चांगलं झालं, आता त्याला ओढ्यापलीकडं सोडून देऊ. जगलं तर जगलं. गावातली एवढी माणसं खाणीवर जगतात, त्यांचाही विचार करा.

"त्यांचाच इचार करतीया, भाऊ," साळूबाई म्हणाली. "ह्या गाळात उंद्या कुनाचं पोर गेलं तर त्याला काढाया मी येवढ्या येळेत यील का?"

काकासाहेबांनी करणकडं पाहिलं. करणनं खाली मान घालून सांगितलं की फोन केलाय, फॉरेस्टच्या मॅडम येतायत.

वनरक्षक पंकजा मॅडम पिंजरा घेऊन आल्या आणि लांडगिणीला नगरला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसात दगडाची भुकटी आहे, आजची नाही, कित्येक महिन्यांची. एक डोळा घासून गेला होता तो वाचला नाही. बाकी जीव चिवट आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंकजा मॅडम आणि साळूबाई बीळ शोधायला निघाल्या. ते ओढ्याच्या दरडीत सापडलं. खालच्या तोंडातून गाळाचं पाणी शिरून आत वाळलं होतं आणि त्यात काही पिल्लं तशीच थिजून गेली होती. साळूबाई तिथंच खाली बसली. पण वरच्या अंगाला, बोराटीच्या जाळीत दोन पिल्लं जिवंत होती, आणि त्यांच्या पुढ्यात नरानं ओकून टाकलेलं मांस. साळूबाईला त्यांना घरी नेऊन शेळीचं दूध पाजावं असं वाटत होतं.

"नको मावशी," पंकजा मॅडम म्हणाल्या. "बाप सांभाळतोय तोवर आपण हात लावायचा नाही."

त्यांनी कडेच्या झाडाखाली प्लास्टिकची एक टाकी कापून अर्धी पुरली आणि ती स्वच्छ पाण्यानं भरायचं काम साळूबाईकडं दिलं. तिनं ते केलं, लांबून, मागं वळून न बघता.

खड्ड्याचा पंचनामा झाला, वाळूचं मशीन बंद पडलं आणि मग खाणही. गावात साळूबाईशी बोलणं तुटलं. हापशावर बायका तिची घागर भरायच्या आधी आपली भरून निघून जायच्या. एका लांडग्यापायी लोकांच्या तोंडचा घास काढला, असं तिच्या पाठीमागं नाही, समोरच म्हणायचे. बन्सीनं तिच्यावर आवाज चढवला नाही, पण तोही जेवताना ताटाकडंच बघायचा. करण केडगावला एका ठेकेदाराकडं मशीन चालवायला गेला. जाताना तो आईला काही लागेल असं बोलला नाही. नुसतं म्हणाला की तिकडं खोली मिळाली आहे, सणाला येईन. आपण चुकलो का, हे तिनं त्या दिवसांत स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर रोज वेगळं यायचं.

पावसाळ्याच्या तोंडावर खाण परत सुरू झाली. काकासाहेबांनी गाळाला पक्क्या टाक्या बांधल्या, जुन्या खड्ड्याला तारेचं कुंपण घातलं. कायद्यानं घालावंच लागलं. पण एकदा रस्त्यात जीप थांबवून त्यांनी साळूबाईला सांगितलं की खड्डा उपसताना दोन वासरं आणि एक कुत्रा निघाला. वासरं त्यांच्याच गोठ्यातली, चोरीला गेली म्हणून त्यांनी एका गड्याला कामावरून काढलं होतं. एवढं बोलून त्यांनी करणची चौकशी केली आणि गाडी पुढं घेतली.

लांडगिणीला त्याआधीच, शिमग्याच्या सुमाराला सोडलं होतं. पंकजा मॅडमनी साळूबाईला मुद्दाम बोलावलं. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग आली, चांगल्या डोळ्याच्या बाजूनं सगळ्यांना न्याहाळलं, नाक जमिनीला लावलं आणि ओढ्याकडं पळाली. पळताना मधेच थांबून खोकली. जनावराला माणसासारखं खोकताना साळूबाईनं कधी बघितलं नव्हतं.

नंतर ती जोडी माळावर कोणाला दिसली नाही. साळूबाईला वाटायचं, मेली असतील. टाकीतलं पाणी वापरलं जायचं बंद झालं होतं, त्यात शेवाळ धरलं तरी ती भरत राहिली. दिवाळीच्या आधी पंकजा मॅडमनी मोबाईलवर एक फोटो आणून दाखवला. दोन डोंगर पलीकडच्या माळावर लावलेल्या कॅमेऱ्यात आला होता. पुढं नर, मागं एक डोळा पांढरा असलेली मादी, आणि त्यांच्यामध्ये एक लांबट पायांचं, अर्धवट वाढलेलं पिल्लू. तिकडं खाण नाही, मॅडम म्हणाल्या. अजून तरी.

"दुसरं?" साळूबाईनं विचारलं.

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली.

संध्याकाळी करणचा फोन आला. सुट्टी मिळते का बघतो म्हणाला, मग जेवणाचं विचारलं, बापाच्या पाठीचं विचारलं. फोन ठेवायच्या आधी जरा अडखळून म्हणाला, "ती जगली का गं?"

"जगली," साळूबाई म्हणाली. "पर हितं न्हाई ऱ्हायली. लेकराला घिऊन पल्याड गेली."

मग करण म्हणाला की भाऊबीजेला नक्की येतो, आणि तिनं त्याला गाळात गेलेल्या चपलेच्या बदली नवा जोड आणायला सांगितलं नाही, नुसतं लवकर ये म्हटलं.