मागणं पुढे, कमाई मागे

कासिमिराच्या फाइलमधून खेळण्यातल्या नोटांचं पुडकं साहेबाच्या टेबलावर पडलं, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

वर्षापूर्वी परदेशी लोकांना राहायचे परवाने देणाऱ्या याच कचेरीने तिचा अर्ज फेटाळला होता. मुलीला, नायराला, बोलिव्हियातल्या ओरुरोहून इकडे चिलीत, इकिकेला आणायचं तर आधी तिला पोसायची ऐपत दाखवा, असा नियम. कासिमिरा बाजारात शेंगदाण्याचं सूप विकते, माझा गाडा तिच्या शेजारी. पगाराचा कागद आम्ही कुठून आणणार? तेव्हा मीच शहाणपणा केला. बाजारातल्या सगळ्या बोलिव्हियन बायकांकडून उसने पैसे घेऊन आठवड्यात तिचं खातं फुगवलं. साहेबाने एका नजरेत ओळखलं. ऐपत सिद्ध होत नाही, एवढंच लिहून आलं. पैसे ज्यांचे त्यांना परत गेले आणि आठ दिवस मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

मग तिने स्वतःचं डोकं चालवलं. रोज पातेली घासून झाली की कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, तिथे बँकेचं मशीन असतं, दिवसाची कमाई भरायची आणि पावती जपून ठेवायची. कधी रक्कम इतकी फुटकळ असे की दुकानदार चिडवायचा, "काय बाई, साचलं का तळं?"

"तू थेंब भर," ती म्हणायची. "तळ्याचं मी बघते."

जानेवारीत आमचा आलासितासचा बाजार भरला. जे हवं ते त्या दिवशी बाहुलीच्या मापाचं विकत घ्यायचं आणि भर बाराला एकेको देवापुढे धरायचं, वर्षात खरं होतं म्हणतात. मला ते थोतांड वाटायचं. माझा मुलगा मार्सेलिनो सहा वर्षं तिकडे बोलिव्हियात, पोतोसीला माझ्या बहिणीकडे आहे, कुठला देव धावून आला? कासिमिराने मात्र नोटांचं पुडकं आणि बोटाएवढा पासपोर्ट घेतला, त्यावर नायराचं नाव लिहून घेतलं. ते तिने अर्जाच्या पहिल्याच पानावर ठेवलंय हे कळलं असतं, तर मी काढून घेतलं असतं.

साहेबाने पुडकं दोन बोटांत उचललं. "ही तुमची ऐपत का, बाई?"

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"ते मागणं आहे, साहेब," कासिमिरा म्हणाली. "कमाई मागच्या पानांवर आहे."

त्याने पान उलटलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. पावत्याच पावत्या, तारखेवार डकवलेल्या, काहींवर सुपाचे डाग. आता रांगेत कोणी हसत नव्हतं. जुलैपाशी त्याचं बोट थांबलं. हे नऊ दिवस कोरे का, त्याने विचारलं.

"आईला पुरायला गेले होते. नायराला तीच सांभाळायची." मग तिने बोट पुढे सरकवलं. "दहाव्या दिवशीची बघा. बसमधून उतरले आणि गाडा लावला."

पोरगी आता कुणाकडे असते, हेही त्याने विचारलं. शेजारणीकडे, आणि तीही मार्चअखेर गाव सोडणार, असं कासिमिराने सांगितलं. साहेबाने उरलेली पानं शेवटपर्यंत पाहिली, शिक्का उचलला आणि मारला.

"ऐपत आहे," तो म्हणाला. आणि ते पुडकं जपून तिच्या हातात दिलं.

मी तिथेच ओक्साबोक्शी रडले. कासिमिरा रडली नाही. दुपारचं सूप राहिलंय म्हणून मलाच घाई करत होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नायरा बसमधून उतरली. दोन वाट्या सूप पिऊन आईच्या गाड्यामागे अशी उभी राहिली, जणू तिथेच जन्मली. संध्याकाळी कासिमिराने एक वाटी काठोकाठ भरली आणि नायराच्याच हाताने कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे पाठवली. सोबत मी होते.

"आईने सांगितलंय," नायरा म्हणाली, "हे तळ्यातलं पाणी घ्या."

त्याने दोन्ही हातांनी वाटी घेतली. मी माझी दिवसाची कमाई त्याच्यापुढे ठेवली. पावती आली, तिच्यावर मी पेनाने मार्सेलिनोचं नाव लिहिलं आणि ती शालीच्या गाठीत बांधली. आलासितासला अजून दहा महिने आहेत. मागणं तेव्हा मागू.