वत्सलाबाईंना पुलापार नेलं तेव्हा

मित्रांनो, मी व्हीलचेअर. जुनी आहे हे वेगळं सांगत नाही, कारण मी गल्लीत शिरली की माझ्या कुरकुरीने झोपलेली कुत्रीसुद्धा उठून बाजूला होतात.

नागपूरच्या एका कारखान्यात मी तयार झाली आणि पांढुर्ण्याच्या कॉन्व्हेंट शाळेत आली. तिथे सिस्टर जसिंता होत्या. दर शनिवारी त्या मोठ्या वर्गाला घेऊन गावात निघायच्या. कोणाला दवाखान्यात न्यायचं, कोणाला नुसता पेपर वाचून दाखवायचा. मी पुढे, पोरं मागे. काय दिवस होते! माझं रेक्झिन तेव्हा आरशासारखं चमकायचं आणि मला ढकलायला पोरं भांडायची.

दहावीच्या निरोपाला सिस्टर म्हणाल्या, "शाळा सुटली, शनिवार नाही सुटला." मग त्या केरळला गेल्या. शाळेत नवीन खुर्च्या आल्या आणि मी स्टोअररूममध्ये फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी गंजत पडली. बऱ्याच वर्षांनी एका शनिवारी दार उघडलं. त्याच वर्गातली पोरं मला मागून न्यायला आली होती. दामिनी आता बँकेत होती, मंगेशचं मेडिकल होतं, पंकज आणि गौतम संत्र्याचा धंदा करत होते. पण शनिवार खरंच सुटला नव्हता.

शाळेच्या सवयीही सुटल्या नव्हत्या. घरी गणपती, महालक्ष्म्या सगळं होतं, पण शनिवारचं काम सिस्टरांनी शिकवलेल्या प्रार्थनेशिवाय सुरू होत नसे. एकदा सौंसरला उतारावर म्हाताऱ्या रघुनाथरावांना माझ्यावर बसवून सगळ्यांनी डोळे मिटले. ब्रेक कोणीच लावला नव्हता. 'आमेन' म्हणून डोळे उघडले तेव्हा आम्ही दोघं खाली भाजीवाल्याच्या मेथीत होतो. रघुनाथराव शांतपणे म्हणाले, "तुमचं झालं असन तं मले वर घ्या."

यंदा तिगावच्या वत्सलाबाईंची पाळी आली. कंबरेचं हाड मोडल्यामुळे चालणं बंद, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नागपूरला ऑपरेशनची तारीख मिळाली होती. पांढुर्ण्याची ती गाडी चुकली असती तर पुढचा हिवाळा येईपर्यंत अंधारच.

"नातवाचं नाक माह्यासारखं हाये म्हणते सून," त्या म्हणाल्या. "खरं बोलून राहिली का खोटं, मले पाह्यचं हाये."

स्टेशनवर प्रार्थना मन लावून झाली. इतकी, की गाडी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर येत असल्याचं कोणी ऐकलंच नाही. डोळे उघडले तर गाडी तिकडे उभी आणि मध्ये पूल.

"लाइन!" दामिनी घाबरून ओरडली.

आणि मित्रांनो, संसाराला लागलेली ही चार माणसं शाळेच्या मैदानातल्यासारखी उंचीप्रमाणे उभी झाली. ताडमाड पंकज आणि गौतम माझ्या डाव्या बाजूला, बुटके मंगेश आणि दामिनी उजव्या. तसंच उचललं. मी तिरपी झाली आणि वत्सलाबाई मंगेशच्या डोक्याकडे घसरायला लागल्या.

"काऊन रे पोट्टेहो, मले नागपूरले नेऊन राहिले का रुळावर टाकून राहिले?"

"पंकज, तू मागं हो बे," मंगेश कुंथत म्हणाला. "शाळेत मागंच बसत होता ना?"

उंच मागे, बुटके पुढे. आता मी सरळ चढली. उतरताना मला उलटं फिरवलं, म्हणून वत्सलाबाई गाडीला पाठ दाखवत गाडीकडे निघाल्या. शिटी वाजली. डब्यातली माणसं हात हलवत ओरडली, "अरे, थांबवा, आजी येऊन राहिली." ती वरात बघून गार्डने झेंडी खाली घेतली.

गंजल्यामुळे मी मिटत नव्हती, दारातून जात नव्हती. पंकजने वत्सलाबाईंना उचलून आत नेलं. त्यांच्यामागे दामिनी चढली, मंगेश चढला, गौतमही चढला. गाडी गेली. प्लॅटफॉर्मवर मी एकटी उरली. संध्याकाळपर्यंत एक बकरी माझ्यावर बसून होती.

पंधरवड्याने ते चौघं मला घेऊन तिगावला गेले, डोळे तपासायला न्यायचं होतं म्हणून. वत्सलाबाई काळा चष्मा लावून दारात बसल्या होत्या.

"नाक पाह्यलं का आजी?" दामिनीने विचारलं.

"पाह्यलं. माह्यं नाही, व्याह्याचं हाये. पण पोट्टं गोड हाये."

मग चष्मा वर करून त्यांनी मला पाहिलं. वरपासून खालपर्यंत. माझं फाटकं रेक्झिन, सुतळीने बांधलेला हात, गंजलेली चाकं.

"ह्या भंगारात बसवून नेलं व्हय मले? दिसत असतं तं बसलीच नसती."

चौघांच्या माना खाली गेल्या. वत्सलाबाईंनी सुनेकडून शिलाई मशीनचं तेल मागवलं आणि माझ्या चाकांत स्वतः थेंब थेंब सोडलं. पदराने माझी सीट पुसली. मित्रांनो, मला शाळेचा तो पहिला शनिवार आठवला. तुमच्या घरी, शाळेत कोणी असं कोपऱ्यात गंजत असेल, तर फेकू नका. थोडं तेल द्या, पुसा आणि बाहेर काढा. आमच्यात अजून जीव असतो.

वत्सलाबाईंनी मला मागे-पुढे करून पाहिलं. मी कुरकुरली नाही.

"माह्यं राहू द्या, मी पंकजच्या संत्र्याच्या गाडीत बसतो," त्या म्हणाल्या. "हे पलीकडच्या रजनीबाईकडे न्या. तिले अजून दिसत नाही, बसन थे."